रिपोर्टातील जंतू, पोटातील जंतू

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू नांदतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. त्यातले पुष्कळसे प्रयोगशाळेत सहजी वाढत नाहीत. म्हणून शौचाच्या नमुन्यातील सगळाच डीएनए वाचायचा आणि तो कोणाकोणाचा, हे संगणकावर शोधायचे. या शास्त्राला ‘मेटाजीनोमिक्स’ म्हणतात. हल्ली असे रिपोर्ट घेऊन रुग्ण येऊ लागले, तेव्हा ते तयार कसे होतात हे कळावे म्हणून मी दवाखाना बंद झाल्यावर ते शिकू लागलो. सरावासाठी नमुन्यांची माहिती सार्वजनिक संग्रहातून फुकट मिळते, प्रोग्रामही फुकट. (वीजबिल तेवढे आपले!)

काम धान्य पाखडण्यासारखे. नीट न वाचलेले तुकडे आधी टाकायचे, मग माणसाचा स्वतःचा डीएनए बाजूला काढायचा. उरलेले साधारण दीडशे अक्षरांचे तुकडे ‘क्रेकन’ नावाच्या प्रोग्रामला द्यायचे. तो ते ज्ञात जंतूंच्या यादीशी ताडतो आणि नावे सांगतो. माझ्या संगणकात ८ जीबीची छोटी यादीच मावली.

खरी मेख इथे आहे. जो जंतू यादीत नाही, त्याचे नाव प्रोग्राम सांगणार कुठून? कधी तो जवळच्या भाऊबंदाचे नाव सांगून मोकळा होतो. २०१५ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील नमुन्यांत प्लेग आणि अँथ्रॅक्सच्या जंतूंचे अंश सापडल्याची बातमी गाजली. पुढे संशोधकांनीच दुरुस्ती छापली, की ते जंतू तिथे असल्याचा पुरावा नाही. शिवाय डीएनए काढण्याच्या रसायनांतच जिवाणूंचा डीएनए असू शकतो, हे २०१४ साली दाखवले गेले. त्यासाठी सोबत कोऱ्या पाण्याचाही नमुना लावावा लागतो.

मध्यंतरी एक गृहस्थ आले. रिपोर्टात रक्ती हगवणीचा जंतू ‘शिगेला’ होता, आणि प्रतिजैविक लिहून द्या म्हणून ते हटून बसले. ताप नाही, जुलाब नाहीत. शिगेला आणि आपल्या सर्वांच्या आतड्यात राहणारा ई. कोलाय यांचा डीएनए इतका सारखा असतो, की छोट्या तुकड्यांवरून प्रोग्रामची गफलत होऊ शकते. किती तुकडे जुळले, कोरा नमुना लावला होता का, याची रिपोर्टात एक ओळही नव्हती. मी गोळी लिहिली नाही. शौचाचे कल्चर करून आणायला सांगितले. गृहस्थ जरा नाराजीनेच गेले.