पारदर्शक ठशांची साठवण

पारदर्शक ठसे हे शुभेच्छापत्रे, स्क्रॅपबुकची पाने, भेटवस्तूंच्या चिठ्ठ्या इत्यादी कागदी हस्तकलेत वापरले जाणारे रंगहीन व लवचिक ठसे होत. त्यांना ‘क्लिअर स्टॅम्प’ असेही म्हणतात. या ठशांना कायमची मूठ नसते. छपाईच्या वेळी ठसा ॲक्रिलिकच्या पारदर्शक ठोकळ्यावर दाबला की तो आपल्या अंगच्या चिकटपणाने तेथे बसतो आणि काम झाल्यावर सोलून काढता येतो. ठोकळा व ठसा या दोहोंतून खालचा कागद दिसत असल्यामुळे छाप नेमका कोठे उमटेल हे आधीच कळते. पारदर्शकता व चिकटपणा या दोन गुणांमुळे ठसे सोयीचे ठरले, परंतु साठवणीतील बहुतेक अडचणीही याच दोन गुणांतून उद्भवतात.

पार्श्वभूमी

चार्ल्स गुडइयर यांना रबराच्या व्हल्कनीकरणाचे अमेरिकी पेटंट १८४४ मध्ये मिळाले. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रबरी शिक्के प्रचारात आले. हस्तकलेसाठीचे रबरी ठसे दीर्घकाळ लाकडी ठोकळ्यावर चिकटवूनच विकले जात. अशा प्रत्येक ठशाची उंची सुमारे अडीच सेंटिमीटर असे व त्याच्या माथ्यावर चित्राची प्रतिमा छापलेली असे. त्यामुळे फळीवर मांडलेला ठसा पाहताक्षणी ओळखता येई. मात्र शंभर-दोनशे ठशांचा संग्रह एखादे कपाट भरून टाकत असे. अमेरिका व ब्रिटनमध्ये एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पारदर्शक ठसे लोकप्रिय झाले, त्यामागे जागेची ही बचत हे एक मोठे कारण होते. सुमारे तीन मिलिमीटर जाडीचे हे ठसे एका पातळ पत्र्यावर संचाने विकले जातात. अमेरिकी संचांमध्ये ४ × ६ इंच हे माप विशेष रूढ आहे, तर ब्रिटिश संच बहुधा ए५ वा ए६ या कागदाच्या मापांत येतात.

जागा वाचली, पण ओळख हरपली. पत्र्यावरून सुटलेला पारदर्शक ठसा हातात घेऊन उजेडाकडे धरल्याशिवाय त्यावर फूल आहे की अक्षर, हे सांगता येत नाही. संचातील तुकडे सहसा सुटे विकत मिळत नाहीत आणि जुन्या संचांचे उत्पादन बंद होत राहते. त्यामुळे बोटाच्या पेराएवढा एखादा शब्द हरवला तरी पूर्ण संच अपुरा पडतो.

द्रव्य आणि त्याचे शत्रू

‘ॲक्रिलिक ठसे’ हे नाव बाजारात सर्रास वापरले जात असले तरी ते दिशाभूल करणारे आहे. कडक ॲक्रिलिक हे ठोकळ्याचे द्रव्य असते. चांगले पारदर्शक ठसे प्रामुख्याने फोटोपॉलिमरचे असतात. स्वस्त संच पीव्हीसीचे, तर काही सिलिकोनचे असतात. फोटोपॉलिमर मूळात द्रवरूप असते. चित्राच्या निगेटिव्हमधून त्यावर अतिनील किरण सोडले की प्रकाश पडलेला भाग घट्ट होतो व उरलेला भाग धुऊन टाकला जातो. भारतातील शहरांत कार्यालयीन शिक्के तयार करणारी अनेक दुकाने हीच पद्धत वापरतात. प्रकाशाने घडलेले हे द्रव्य पुढेही प्रकाशाला प्रतिसाद देत राहते. खिडकीपाशी उन्हात राहिलेला ठसा पिवळा पडतो, कडक होतो व कालांतराने त्याला चिरा जातात. म्हणून बंद खण, झाकणाचा डबा किंवा अपारदर्शक पेटी ही साठवणीची पहिली अट मानावी लागते.

दुसरा धोका शेजारच्या प्लॅस्टिकचा असतो. कंपासपेटीत अनेक महिने पडून राहिलेले खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटून तिच्यावर कायमचा खड्डा पाडते, हा अनुभव बहुतेक विद्यार्थ्यांना असतो. पीव्हीसीच्या खोडरबराला नरम ठेवणारी द्रव्ये हळूहळू बाहेर पडून पट्टीच्या पॉलिस्टायरीनमध्ये शिरतात व त्याला विरघळवतात. अशा खोडरबरांना कागदी वेष्टन घालण्याचे एक कारण हेच आहे. नरम पीव्हीसीचा ठसा पॉलिस्टायरीनच्या डब्यात ठेवल्यास तोच प्रकार घडतो. उलटपक्षी, नवीन रेनकोटसारखा वास येणाऱ्या नरम पीव्हीसी पिशवीतील द्रव्ये ठशात उतरून तो बुळबुळीत होऊ शकतो.

डब्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणातील अंक येथे उपयोगी पडतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन व १ म्हणजे पॉलिएस्टर; ही दोन्ही प्लॅस्टिके ठशांसाठी योग्य समजली जातात. ३ (पीव्हीसी) व ६ (पॉलिस्टायरीन) ही टाळावीत. सीडीची कडक, काचेसारखी डबी पॉलिस्टायरीनची असते, तर डीव्हीडीची लवचिक डबी पॉलिप्रॉपिलीनची. दोन्ही डब्या टाकाऊ म्हणून सहज मिळतात, परंतु ठशांच्या दृष्टीने त्या सारख्या नव्हेत.

साठवणीच्या पद्धती

ठसा नेहमी गुळगुळीत पत्र्यावर पाठीकडून, म्हणजे सपाट बाजूने चिकटवून ठेवतात. या पत्र्याला कारागिरांत ‘ॲसिटेट’ म्हणतात. पूर्वी ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी वापरले जाणारे सेल्युलोज ॲसिटेटचे पत्रे हे या नावाचे मूळ. आज मिळणारे पत्रे बहुधा पॉलिएस्टरचे असतात. कोरा कागद वा पुठ्ठा यासाठी निरुपयोगी आहे, कारण त्याचे तंतू ठशाच्या पाठीला लागून चिकटपणा जातो. दोन ठसे एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून ठेवल्यास ते परस्परांना धरतात आणि ओढून सोडवताना बारीक रेषा तुटतात.

ठसे लावलेला पत्रा पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत घालून, ग्रंथालयातील तालिकापत्रांप्रमाणे डब्यात उभा करणे ही पद्धत सर्वांत कमी जागा घेते. डीव्हीडीच्या डबीची जाडी १४ मिलिमीटर असल्याने वीस संचांना २८ सेंटिमीटर फळी लागते. पिशवीतील संच चार मिलिमीटर धरला, तर तेवढेच संच आठ सेंटिमीटरांत मावतात. डब्यांच्या बाजूने इतके म्हणता येते की त्या दाबापासून ठशांचे रक्षण करतात व त्यांच्या कण्यावर नाव लिहिता येते. पिशव्या मात्र डब्यात खच्चून भरू नयेत. चिकटपणा कमी झालेले तुकडे उभ्या पत्र्यावरून घसरून पिशवीच्या तळाशी जमतात. हे संच धुण्याची वेळ झाल्याचे लक्षण होय.

ठशाच्या आकाराचे कागद कापणारे पोलादी साचे, म्हणजे ‘डाय’, अनेकदा त्याच पिशवीत चुंबकीय पत्र्यावर ठेवतात. ठसा व साचा एकत्र सापडणे सोयीचे असते, पण साच्यांच्या धारदार कडा ठशाच्या तोंडाला लागू नयेत यासाठी मध्ये पुठ्ठा घालावा लागतो.

वर्गीकरण व नोंद

निर्मात्यानुसार, विषयानुसार किंवा प्रसंगानुसार असे तीन क्रम प्रचलित आहेत. निर्मात्यानुसार लावणे सर्वांत सोपे, परंतु ज्याला वाढदिवसाचे पत्र करायचे आहे त्याला निर्मात्याचे नाव आठवून उपयोग होत नाही. संग्रह पन्नास संचांपलीकडे गेला की प्रसंगानुसार केलेली मांडणीच टिकते. चित्रांचे संच फोडू नयेत. वर्णमाला व अंक यांचा खण मात्र वेगळा असावा, कारण ते कोणत्याही विषयासोबत लागतात.

पारदर्शक ठसा स्वतः दिसत नसल्याने त्याच्या छापालाच नोंदीचे काम करावे लागते. नवा संच आल्यावर सर्व ठसे काळ्या शाईने एका पांढऱ्या कार्डावर उमटवून ते कार्ड पत्र्यामागे ठेवतात. यामुळे पिशवी न उघडता चित्र दिसते आणि प्रत्येक तुकड्याची जागा ठरते; रिकामी राहिलेली जागा हरवलेला तुकडा लगेच दाखवते. याच कार्डाची दुसरी प्रत वहीत लावून शेजारी खणाचा क्रमांक लिहिला की सूची तयार होते. कोकण किंवा मुंबईसारख्या दमट हवेत पावसाळ्यात या कार्डांना बुरशी येते, म्हणून ती पत्र्याच्या बाहेरील बाजूस, ठशांना न लागता राहतील अशी ठेवावीत.

स्वच्छता

वापरानंतर शाई ओल्या मऊ कापडाने पुसून ठसा पूर्ण वाळल्यावरच परत ठेवतात. धूळ व तेलकटपणा यांमुळे गेलेला चिकटपणा कोमट पाणी व सौम्य साबणाने धुतल्यावर बहुधा परत येतो. ठसे टॉवेलवर न ठेवता ठोकळ्यावरच हवेत वाळवावेत, कारण टॉवेलची लव पाठीला लागते. ते पाण्यात तासन्‌तास भिजवू नयेत आणि तीव्र द्रावके वापरू नयेत. स्टॅम्पपॅडच्या शाईचा राहिलेला गुलाबी वा निळा डाग हा दोष नव्हे. त्याने छाप बिघडत नाही. उन्हाने आलेला पिवळेपणा मात्र निराळा असून तो धुतल्याने जात नाही.