बिनतारी प्रक्षेपकाची दुरुस्ती : नियम व पात्रता

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यास एकमेकांस छेदतात. तेथून रात्रंदिवस मालमोटारी जातात. परंतु अमेरिकेंतील मालमोटारवाल्यांप्रमाणें आपले चालक 'सिटिझन्स बँड' ह्या बिनतारी पट्ट्यावर परस्परांशीं बोलतांना सहसा आढळत नाहींत. तथापि हा पट्टा आपल्या देशांतही आहे. आणि ज्या विद्यार्थ्यांस बिनतारी यंत्रांच्या दुरुस्तीचा नाद आहे त्यांनीं, तसेंच त्यांच्या पालकांनींही, तत्संबंधीचे नियम जाणून घेणें इष्ट आहे.

परवान्यावांचून बिनतारी यंत्र नुसतें जवळ बाळगणें हाही 1933 च्या कायद्यानें गुन्हा ठरला होता. पुढें 2005 सालीं केंद्र सरकारनें 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ एवढा अरुंद पट्टा, 5 वॅटपर्यंतच्या संचांपुरता, परवान्यांतून मुक्त केला. इतरांस अडथळा करूं नये, व इतरांचा अडथळा झाल्यास संरक्षण मागूं नये, अशी त्यास अट घातली. म्हणजे सवलत मिळाली ती ठराविक मर्यादेंतील संचास. कारागिरानें गिऱ्हाइकाच्या आग्रहास्तव तो 10 वॅटचा करून दिला, तर तिला दुरुस्ती म्हणतां येत नाहीं. तो संच सवलतीबाहेर जातो.

एवढा कडकपणा कशाला, असें कोणी विचारील. प्रक्षेपक बिघडला, अथवा एखाद्या अडाण्यानें त्याचे आंतील स्क्रू उगाच फिरविले, म्हणजे मूळ लहरीबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येच्या लहरीही जोरानें बाहेर पडूं लागतात. पाढा म्हणून पाहा : सत्तावीस चोक 108. एफ्.एम्. नभोवाणीचा पट्टा तेथें संपतो, आणि विमानांस मार्ग व धावपट्टीची दिशा दाखविणाऱ्या यंत्रांचा पट्टा तेथूनच सुरू होतो. विमानतळ आतां जळगांवासही आहे. बोलणाऱ्यास मात्र ह्यांतील कांहींएक कळत नाहीं. त्याचा आवाज पलीकडे स्वच्छ पोंचतो व तो संतुष्ट असतो! घरचा रेडिओ बिघडला तर आपलें गाणें बंद पडतें. प्रक्षेपक बिघडला तर भलत्याचाच घात व्हावयाचा.

यास्तव जाणता कारागीर चांचणीच्या वेळीं एरियलच्या जागीं 50 ओहमचा 'डमी लोड' जोडतो. त्यायोगें शक्ति हवेंत न पसरतां उष्णतारूपानें तेथेंच जिरते. कांहींच न जोडतां बोलण्याचें बटन दाबल्यास शेवटचा ट्रान्झिस्टर जळण्याचा संभव असतो. शक्ति, कंपनसंख्या व ह्या उपलहरी मोजण्याचीं साधनें ज्याच्याजवळ नाहींत, त्यानें झांकण न उघडलेलेंच बरें.

अमेरिकेंत एके काळीं अशा कामास सरकारी परवाना मिळविलेला तंत्रज्ञच लागत असे. आपल्याकडे, वयाचीं 12 वर्षें पूर्ण झालेल्यास हौशी बिनतारीची, म्हणजे 'हॅम'ची, सरकारी परीक्षा देतां येते. तींत विजेचीं मूलतत्त्वें, प्रक्षेपकाची रचना आणि नियम विचारतात. हौशींचा 28 मेगाहर्ट्झचा पट्टा वरील पट्ट्याचा अगदीं शेजारी. परंतु हा परवाना हौशी पट्ट्यांपुरताच असतो, व त्यावर पैसा मिळवितां येत नाहीं. ज्यास दुरुस्तीवर पोट भरावयाचें आहे, त्यानें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम धरावा. जळगांव व धुळें, दोन्हीं ठिकाणीं सरकारी संस्था आहेत. ह्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशास दहावीचें गणित व विज्ञान लागतें.