बसताफ्याचे नूतनीकरण

बसताफ्याचे नूतनीकरण : सार्वजनिक प्रवासी वाहतुकीतील जीर्ण गाड्या ठराविक क्रमाने सेवेतून काढून त्यांच्या जागी नव्या गाड्या आणण्याची पद्धती. ठरलेल्या मार्गांवरील मोठ्या बसगाड्या व त्यांना पूरक अशी वाहने (छोट्या बस, अपंगांना घरापासून नेणाऱ्या गाड्या इ.) या दोहोंना ती लागू पडते.

गाडी जुनी होत जाते तसा तिच्यावरील वार्षिक घसारा कमी होतो. उलट दुरुस्ती, इंधन व सुटे भाग यांवरील खर्च वाढतो. या दोहोंच्या बेरजेची वार्षिक सरासरी ज्या वर्षी किमान असते, ते गाडीचे आर्थिक आयुष्य होय. केवळ वय हे त्याचे पुरेसे माप नाही. नागपूर ते बुटीबोरी ही एक परतफेरी सु. ६० किमी. धरल्यास, रोज चार फेऱ्या व वर्षाला ३०० दिवस चालणारी बस ७२,००० किमी. धावते व ८ लक्ष किमी.चा टप्पा सु. ११ वर्षांत गाठते. म्हणूनच अमेरिकेत संघीय साहाय्यातून घेतलेल्या मोठ्या बसचे किमान आयुष्य १२ वर्षे किंवा ५ लक्ष मैल (सु. ८ लक्ष किमी.), तर अपंगांच्या वाहतुकीत वापरल्या जाणाऱ्या हलक्या गाड्यांचे ४ वर्षे किंवा १ लक्ष मैल इतके धरतात.

भारतात प्रवासी वाहनास योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते; आठ वर्षांनंतर ते दरवर्षी घ्यावे लागते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील शासकीय वाहनांची नोंदणी संपुष्टात आली. महानगरपालिका व राज्य परिवहन उपक्रम यांच्या गाड्याही या नियमात मोडतात. संपूर्ण गाडी न बदलता तिचा सांगाडा राखून वरचा भाग नव्याने बांधण्याची पद्धतही रूढ आहे. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या दापोडी (पुणे), चिकलठाणा व हिंगणा (नागपूर) येथील कार्यशाळांत ॲल्युमिनियमऐवजी पोलादी बांधणी करण्यात आली.

नागपूरची शहर बससेवा पूर्वी राज्य परिवहनाकडे होती. २०१७ पासून ती महानगरपालिकेतर्फे ‘आपली बस’ या नावाने चालविली जाते. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान योजनेतून मिळालेल्या बसगाड्या या सेवेतही वापरात राहिल्या. एकाच काळात घेतलेल्या गाड्या एकाच काळात जीर्ण होतात, हा अशा खरेदीतील मुख्य दोष होय. दरवर्षी ताफ्याचा ठराविक हिस्सा, उदा., बारा वर्षांचे आयुष्य धरल्यास एक बारांश, बदलल्यास खर्चाचा भार समान विभागला जातो. २०१४ मध्ये नागपुरात इथेनॉलवर चालणाऱ्या बसची चाचणी झाली. पुढे सुरू झालेली हरित बससेवा मात्र २०१८ मध्ये बंद पडली. त्यानंतर काही डीझेल गाड्यांचे सीएनजीवर रूपांतर करण्यात आले व विजेवरील बसही आल्या. विजेवरील बसची किंमत जास्त व चालविण्याचा खर्च कमी असतो. परंतु आगारात विद्युत् भारणाची सोय आधी करावी लागते.

बुटीबोरी हे वर्धा मार्गावरील मोठे औद्योगिक क्षेत्र आहे. तेथील कामगार पाळ्यांत काम करतात. बस वाटेत बंद पडल्यास किंवा फेरी रद्द झाल्यास त्यांची पाळी चुकते व तो प्रवासी महागड्या खाजगी वाहनांकडे वळतो. उत्पन्न घटल्याने नव्या गाड्यांची खरेदी लांबते आणि ताफा अधिकच जीर्ण होतो. नागपूर मेट्रोचा मिहान ते बुटीबोरी हा विस्तार २०२२ मध्ये मंजूर झाला. तरी स्थानकापासून कारखान्यापर्यंत पोहोचविण्यासाठी छोट्या बसची गरज राहतेच.

नूतनीकरणाचा आणखी एक हेतू सुगमता हा आहे. जुन्या बसच्या उंच पायऱ्या वृद्ध व अपंग यांना चढता येत नाहीत. निम्नतल बसमधील तळाची उंची सु. ४० सेंमी. असते व उतरत्या फळीवरून चाकांची खुर्ची आत नेता येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी शासनावर आहे. बसचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे असल्याने खरेदीच्या वेळी ही सोय वगळली गेल्यास तितकी वर्षे असे प्रवासी सेवेबाहेर राहतात.