पडवीतले सुतारकाम

खुरप्याची मूठ निखळलेली, कुदळीचा दांडा गरगर फिरतो, जेवायला मांडायचा पाट मधोमध चिरलेला. यांतली एक तरी गोष्ट तुमच्या घरात आज सापडेलच. पूर्वी असे काही झाले की ते सुतारमेटावर नेऊन टाकायचे आणि सुगीत सुताराचे बलुते घालायचे, असा रिवाज होता. आता नांगर-तिफणी लोखंडाच्या झाल्या, ट्रॅक्टर आले आणि पुष्कळ गावांतली मेटे ओस पडली. एका दांड्यासाठी तालुक्याच्या बाजाराची खेप पडते, आणि मिळणारा दांडा हंगामही काढीत नाही.

रब्बीची सुगी उरकली की पावसाळ्यापर्यंत हाताला थोडी उसंत असते. त्या दिवसांत पडवीच्या एका कोपऱ्यात सुतारकामाचा छंद धरून पाहा. घरातल्या मुलीलाही सोबत घ्या. या कामाला जोरापेक्षा डोळा आणि सबुरी जास्त लागते.

नवखा माणूस पहिली चूक करतो ती बाजारात. तो विजेवरचा रंधा आणि कटर घेऊन येतो. ती यंत्रे वाईट नाहीत, पण लाकडाची ओळख नसताना ती हातात धरणे म्हणजे बोटाशी खेळ आहे. सुरुवातीला एक करवत, एक रंधा, अर्ध्या इंचाची आणि एक इंचाची अशा दोन पटाश्या, हातोडा, गुण्या, गिरमिट आणि धार लावायचा चांगला दगड, एवढे पुरे. यांतही पैसे कुठे जास्त घालायचे असतील तर दगडावर घाला. नवी पटाशी दुकानातून धार लावून येत नाही. तिचे पाते पंचवीस ते तीस अंशांच्या उतारावर, तोच उतार राखून, दगडावर फिरवायचे आणि मागची बाजू अगदी सपाट ठेवायची. मनगटावरचे केस निघाले की धार लागली. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती घसरते. जखमा बहुधा अशाच होतात. दुसरा हात पात्याच्या पुढे कधीही ठेवू नका.

लाकूड शेतातच आहे. दांड्यांना बाभूळ उत्तम. मात्र तिचा तांबूस गाभा तेवढा घ्यायचा. बाहेरचे पांढरे लाकूड किडा हमखास पोखरतो. साल काढून टाकावी, टोकांना शेण लिंपावे आणि फळ्या सावलीत, मध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या देऊन रचाव्यात. टोकांतून पाणी फार लवकर उडते आणि तिथून चिरा पडतात, म्हणून ते शेण. इंचभर जाडीच्या फळीला निदान एक उन्हाळा तरी द्या. आंब्याचे लाकूड हत्याराला सोपे, शिकायला चांगले, पण वाळवीला बळी पडणारे. आणि एक सांगायचे म्हणजे आंबा, चिंच, फणस, साग, जांभूळ ही झाडे स्वतःच्या बांधावरची असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. इतर झाडांबद्दलही आधी चौकशी केलेली बरी. वाऱ्याने पडलेली फांदी किंवा मोडक्या दाराची फळी शिकायला पुरते.

पहिले काम दांड्याचे घ्या. लाकूड करवतीने न कापता कुऱ्हाडीने उभे फोडा, म्हणजे रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात. रेषा मध्येच तिरक्या बाहेर पडल्या की दांडा नेमका तिथेच मोडतो. दांडा ढिला झाला की आपण कुदळ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतो. सकाळी ती घट्ट होते खरी, पण फुगलेले लाकूड लोखंडी नेढ्यात चेंगरते आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षा ढिले पडते. ओल्या लाकडाचा दांडा बसवला तरी हेच होते. तेव्हा दांडा पूर्ण वाळलेला घ्या, नेढ्याशी जुळेल असा तासा.

दुसरे काम पाटाचे. दिसायला सोपे, पण खरी परीक्षा इथेच आहे. फळी पावसाळ्यात रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. खालच्या आडव्या पट्ट्या फळीच्या रुंदीवरून जातात. त्या दोन्ही टोकांना खिळ्यांनी जखडल्या की फळीला आकसायला जागा उरत नाही आणि ती मधोमध फाटते. तुमच्या घरातल्या पाटाचे बहुधा हेच झाले असेल. म्हणून पट्टीला मधला स्क्रू घट्ट आवळा आणि टोकांच्या स्क्रूंसाठी पट्टीत लांबट भोके पाडा. सरस लावायचाच तर फक्त मध्यावर. जुने कसबी सुतार फळीत तिरकस खाच काढून तीत पट्टी सरकवीत; खिळा नाही, सरस नाही. असा पाट माळ्यावर असेल तर उलटा करून पाहाच.

शेवटी तेलाचा हात द्यावा. जवसाचे तेल लाकडात मुरून घट्ट होते. पण रंगाच्या दुकानातले उकळलेले तेल लवकर वाळावे म्हणून त्यात औषधे घातलेली असतात. ते पोळपाटाला लावू नका. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचे बोळेही कुठेतरी टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि गोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. शेजारी कडब्याची गंजी असेल तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको. चिंध्या पसरून, मोकळ्यावर वाळवा.

आता शिकायचे कोणाकडे? लिहिलेले वाचून रंधा चालत नाही. गावात किंवा शेजारगावात एखादे म्हातारे सुतारबाबा अजून असतील. त्यांची मुले शहरात फर्निचरच्या कामाला गेली असतील आणि तिरकस खाचेची विद्या त्यांच्यापाशीच अडून राहिली असेल. त्यांच्याकडे जा, पण रिकाम्या हाताने नको. पूर्वी बलुते होते, आज रोज द्या, किंवा पायली-दोन पायली ज्वारी न्या. फुकट शिकवा म्हणणे बरोबर नाही. आपला रंधा सोबत न्या आणि आधी तो त्यांना चालवायला द्या. पाते किती बाहेर काढतात, फळी कोणत्या अंगाने धरतात, आणि कागदासारखी अखंड साल निघते तेव्हा रंध्याचा आवाज कसा बदलतो, ते नीट ऐका. मग तीच फळी, तोच रंधा तुम्ही घ्या.