बहिणाबाईंच्या कवितेवर हक्क कुणाचा?

भुसावळच्या शाळांत स्नेहसंमेलनासाठी बहिणाबाईंची कविता बसवायची म्हटलं, की परवानगीचा प्रश्न निघू शकतो. पुस्तकावर ‘सर्व हक्क राखीव’ छापलेलं असतं, आणि तो हक्क कायमचाच, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, आणि परवानगीही दर वेळी लागत नाही. शिक्षक, विद्यार्थी आणि पालक एवढ्यांपुढेच कार्यक्रम असेल, तर हक्क शाबूत असलेली कविताही शाळेला सादर करता येते.

हक्काला मुदतही असते. भारतात ती लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांची. लिखाण लेखकामागे छापलं गेलं, तर ६० वर्षं प्रकाशनापासून. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी त्यांचा संग्रह १९५२ मध्ये काढला, म्हणून त्यातल्या कवितांवरचा हक्क २०१२ अखेर संपला. त्या आता कुणीही छापाव्यात, गाव्यात.

त्याच पुस्तकातली आचार्य अत्र्यांची प्रस्तावना मात्र अजून मोकळी नाही. अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यामुळे ती २०२९ अखेरपर्यंत राखीव. ‘मानिनी’ (१९६१) चित्रपटासाठी वसंत पवारांनी बहिणाबाईंच्या कवितांना लावलेल्या चालींचा हिशेब आणखी वेगळा.

खरं तर या कविता २००२ अखेरच मोकळ्या व्हायच्या, कारण पूर्वी मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरचा त्यांच्या विश्वभारती या संस्थेचा हक्क १९९१ अखेर संपत होता. तो टिकावा म्हणून मुदत वाढवली गेली, आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती सगळ्यांसाठीच वाढली. एका संस्थेसाठी देशभरच्या वाचकांना दहा वर्षं थांबवणं न्याय्य नव्हतं.

वरातीत बँडने सिनेमाचं गाणं वाजवलं तर लायसन्स लागतं, ही भीतीही खोटी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने लग्नाची वरात आणि लग्नातले इतर सोहळे वगळले आहेत.

उलट्या बाजूचा गैरसमज जास्त नुकसान करतो: ‘पैसे घेत नाही ना, मग पीडीएफ ग्रुपवर टाकायला काय हरकत?’ हरकत आहे. सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ कादंबरी १९६३ ची असली, तरी लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाची मुदत त्याच्या वयावर मोजत नाहीत. अख्खं पुस्तक फुकट वाटणं हाही हक्कभंगच, आणि त्याची झळ लिहिणाऱ्याला बसते. पुस्तक बाजारात कुठेच मिळत नसेल, तर सार्वजनिक वाचनालयात विचारावं: भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती वाचनालयाला स्वतःच्या वापरासाठी काढता येतात.