बंद खोलीतली तालीम
१० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील माउंट व्हर्नन येथे समूहगायनाच्या अडीच तासांच्या तालमीला ६१ जण जमले. त्यांतल्या ३३ जणांना कोविड झाल्याचे चाचणीत सिद्ध झाले, आणखी २० जणांना तो झाला असावा, दोघे दगावले. खुर्च्यांना, खाऊला सगळ्यांचे हात लागलेच असतील, हा आक्षेप रास्त. पण एका संध्याकाळी एवढ्या जणांना गाठायला तेवढे पुरेसे वाटत नाही. गाताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण बंद खोलीत तरंगत राहतात, साचत जातात. मग नुसते हात धुऊन कसे भागेल? आपला स्प्लिट एसी तर खोलीतलीच हवा गार करून पुन्हा तोंडावर सोडतो. खिडकी उघडली की धूर येतो, वीजबिल फुगते, हे खरेच. जिथे खिडकी उघडता येत नाही, तिथे हवा गाळणारा हेपा फिल्टर लावावा, गर्दीत एन-९५ मास्क घालावा. एरवी समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडाव्यात.