त्र्यंबकला जेवायचे कुठे?

नाशिकहून सुमारे २८ किलोमीटरवरच्या त्र्यंबकेश्वरात हॉटेले पुष्कळ. तरी घरच्या पंगतीची चाल टिकून आहे. नारायण नागबळीचा विधी तीन दिवसांचा. त्यासाठी आलेले बाहेरगावचे यजमान अनेकदा तीर्थपुरोहितांकडेच उतरतात. राहणे, पूजा, जेवण सगळे एकाच घरी.

पानात काय? वरण-भात, पोळी, भाजी, कोशिंबीर. विधीच्या दिवसांत कांदा-लसूण वर्ज्य; आमटीची सगळी भिस्त हिंग-जिऱ्याच्या फोडणीवर.

उपास इथला, उपास तिथला: मेक्सिकोत ईस्टरआधीच्या उपासकाळात कॅथलिक मंडळी शुक्रवारी मांस टाळतात. मासे मात्र चालतात, त्यामुळे घरगुती मासळी-खानावळींची तेव्हा चलती असते. त्र्यंबकला पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या येतात. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, नाहीतर वाफाळती भगर आणि वर शेंगदाण्याची दाट आमटी.

भगर कुठली? वरई सडली की भगर. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या डोंगरी तालुक्यांतले आदिवासी शेतकरी नागलीबरोबर वरईही पावसाच्या पाण्यावर पिकवतात.